खाबुऱ्याच्या पाण्याला वाली कोण?

मराठीत ‘विलायत’ म्हटलं की डोळ्यासमोर इंग्लंड येतं. विलायतेला जाऊन आलेला बॅरिस्टर, विलायती औषध, विलायती चिंच. ओमानमध्ये मात्र विलायत म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा एक प्रशासकीय भाग. त्याचा प्रमुख तो ‘वाली’. हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. ‘त्याला कुणी वाली उरला नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात सांभाळणारा, पाठीशी उभा राहणारा माणूस अभिप्रेत असतो. मूळ अरबी धातू एकच आहे. कारभार पाहणं आणि पाठराखण करणं हे दोन्ही अर्थ त्यात आहेत.

आज आपण अशी एक विलायत समजून घेणार आहोत. तिचं नाव खाबुरा. मस्कतहून सोहारकडे गाडीनं जाताना साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर ती लागते. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरचं कुणी, मस्कत-सोहार भागात नोकरीला असेल तर हा रस्ता ओळखीचा असेल. बहुतेकजण खाबुऱ्यात थांबत नाहीत. एक चौक, थोडी दुकानं, खजुराची झाडं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला धूसर डोंगर. पाहण्यासारखं काय आहे इथे, असं वाटणं साहजिक आहे.

पण या एका विलायतीत डोंगरापासून समुद्रापर्यंतचा सगळा उतार बसलेला आहे. आणि या उतारावरून पाणी कसं जातं, ते कोण वाटून घेतं आणि कोण उपसतं, यावर तिथल्या माणसांचं हजारो वर्षं पोट अवलंबून आहे. त्यामुळे खाबुरा समजून घ्यायचा तर पाण्याचा माग धरून वरून खाली उतरत जाणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

पोट, पाठ आणि मधला कणा

आधी भूगोल. उत्तर ओमानमध्ये समुद्राला समांतर हजर पर्वताची रांग आहे. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये जो सपाट किनारी पट्टा आहे, तो बातिना. सुमारे २७० किलोमीटर लांब, आणि रुंदी साधारण २५ किलोमीटर. ‘बातिना’ हे नाव पोट या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं. डोंगरापलीकडचा कोरडा प्रदेश तो ‘धाहिरा’, म्हणजे पाठ. मधला हजर म्हणजे कणा.

मराठी माणसाला हे चित्र लगेच कळेल. बातिना म्हणजे कोकण, हजर म्हणजे सह्याद्री, धाहिरा म्हणजे देश. आपल्याकडे घाट उतरून कोकणात जावं, तसं तिकडे हवासिना वादीतल्या वाटेनं धाहिरातून खाबुऱ्याला उतरता येतं. ‘वादी’ म्हणजे एरवी कोरडी असणारी आणि पाऊस झाला की धावणारी नदी. हवासिना ही खाबुऱ्याची मुख्य वादी. वादीचं आणि तिथल्या टोळीचं नाव एकच.

फरक आहे तो पावसाचा. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बातिनात वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर. डोंगरात त्याहून थोडा जास्त. म्हणजे आपल्याकडे जुलैतल्या एका चांगल्या दिवशी जेवढा पडतो, तेवढ्यावर तिथलं वर्ष निघतं. तेही सलग नाही. कधी दोन-तीन वर्षं काहीच नाही, कधी एका रात्रीत सगळं.

मग शेती कशी होते? डोंगरात पडलेलं पाणी वादीतून खाली येतं, पायथ्याशी वाळू-गोट्यांच्या जाड थरात मुरतं, आणि जमिनीखालून अगदी सावकाश समुद्राकडे सरकतं. किनाऱ्यालगतच्या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात ते विहिरीच्या आवाक्यात येतं. म्हणून खजुराच्या बागा नेमक्या तिथेच आहेत. मधला चढा पट्टा उघडा, खडकाळ, बाभूळवर्गीय झाडांचा. किनाऱ्यावरची हिरवाई ही डोंगरातल्या पावसाची मिळकत आहे, फक्त हातात यायला फार वर्षं लागतात.

समुद्राचा तळ डोंगरावर

या डोंगरांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण हवासिना हे नाव भूगर्भशास्त्राच्या जगात खाबुऱ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसिद्ध आहे.

इथले काही खडक एकेकाळी खोल समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ होते. अतिसूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांपासून बनलेले गारगोटीसारखे कठीण थर आज डोंगरात दिसतात. साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीपासून, भूपट्टांच्या रेट्यानं, हा गाळ आणि त्याच्यामागोमाग समुद्रतळाचा प्रत्यक्ष कवचाचा तुकडा अरबस्तानच्या काठावर ढकलला गेला. चादरीवर चादर सरकवावी तसा. या गाळाच्या थरांना जगभरचे भूवैज्ञानिक ‘हवासिना’ याच नावानं ओळखतात. वर चढलेल्या समुद्रतळाच्या तुकड्याला ‘ओफिओलाइट’ म्हणतात, आणि ओमानचा ओफिओलाइट हा जगातल्या सर्वांत मोठ्या, सर्वांत नीट पाहता येणाऱ्यांपैकी एक. तुलनेसाठी लक्षात ठेवा: आपल्या दख्खनचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हे सगळं त्याच्याही आधी सुरू झालं.

याचा माणसांशी संबंध काय? तांबं. समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांपाशी साचलेलं तांबं या खडकांबरोबर वर आलं. सोहारच्या मागच्या डोंगरांत तांब्याच्या खाणी आहेत, आणि खाबुऱ्याच्या हद्दीतही गुझैन भागात तांब्याचे साठे आहेत.

मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर ‘मगन’ नावाच्या देशाचा उल्लेख येतो. तांबं तिथून यायचं. अक्कडचा राजा सार्गन फुशारकीनं सांगतो की मेलुहा, मगन आणि दिल्मुन इथली गलबतं माझ्या धक्क्याला लागतात. अभ्यासकांच्या मते मगन म्हणजे आजचा ओमान आणि आसपासचा भाग, मेलुहा म्हणजे सिंधू खोरं, दिल्मुन म्हणजे बहारीन.

याचा पुरावा खाबुऱ्याच्या अगदी शेजारी मिळाला. उत्तरेला लागून असलेल्या सहम विलायतीत दहवा नावाची जागा आहे. सुलतान काबूस विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी २०१३पासून तिथे उत्खनन केलं. इसवीसनपूर्व २५०० ते २०००च्या सुमाराची वस्ती, तांबं गाळल्याच्या खुणा, आणि सिंधू संस्कृतीची भांडी, त्यात माल भरून पाठवायचे काळ्या लेपाचे मोठे रांजणसुद्धा. ही वस्ती किनाऱ्यावर नाही, डोंगराच्या पायथ्याशी आहे. एकीकडे तांब्याचे डोंगर, दुसरीकडे वादीचं पाणी. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसानंही जागा निवडताना हेच पाहिलं होतं.

पाण्याचे वकील

आता खरा मुद्दा. इतक्या कमी पाण्यात माणसं एकत्र कशी राहिली?

डोंगरातल्या गावांनी काढलेला उपाय म्हणजे ‘फलज’, अनेकवचन ‘अफलाज’. फलज म्हणजे पाणी उतारानं वाहून आणणारा कालवा. काही अफलाज वादीतलं वाहतं पाणी उचलतात, त्यांना घैली म्हणतात. काही झऱ्यावर असतात, ते ऐनी. काही लांबच लांब भुयारातून भूजल बाहेर आणतात, ते दाऊदी. पंप नाही, इंधन नाही, फक्त उतार. दक्षिण-पूर्व अरबस्तानात लोहयुगापासून, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपासून, असे कालवे खोदल्याचे पुरावे आहेत. ओमानमध्ये आजही सुमारे ३,००० अफलाज चालू आहेत. त्यांतले पाच युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारसा यादीत घेतले.

पण फलजची खरी करामत खोदकामात नाही, वाटपात आहे. पाणी हे वेळेत मोजलं जातं. एक ‘अथर’ म्हणजे साधारण अर्धा तास. प्रत्येक घराचे अथर ठरलेले. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी बदलायची. वर गावाजवळ पिण्याचं पाणी, मग मशीद आणि आंघोळीची जागा, मग खजुराच्या बागा आणि सगळ्यात शेवटी हंगामी पिकं. पाणी कमी झालं की हंगामी पिकांचं क्षेत्र आखडतं, बागा वाचतात. काही अथर फलजच्याच मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो, आणि त्या पैशातून कालव्याची डागडुजी चालते.

हे सगळं बघणाऱ्या माणसाला म्हणतात ‘वकील’. त्याच्या हाताखाली पाळ्यांवर नजर ठेवणारा ‘अरीफ’. वकील हा सरकारी नोकर नव्हे. पाण्याच्या मालकांनी नेमलेला माणूस. भांडण त्याच्यानं मिटलं नाही, तरच ते वालीपर्यंत किंवा काझीपर्यंत जायचं.

आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत आहे, ती आठवा. बंधारा, पाट, शेताचे फड. कोणत्या फडात कोणतं पीक, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसं गावानं नेमायची. भाषा वेगळी, नदी वेगळी, पण युक्ती तीच. पाणी सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याचा हिशेबही सगळ्यांसमोर होतो.

मोट गेली, पंप आला

किनाऱ्यावर मात्र गोष्ट वेगळी होती. तिथे पाणी जमिनीखाली. तिथे विहीर, आणि विहिरीवर ‘झजरा’. हे वर्णन वाचा: विहिरीवर लाकडी चौकट, तिच्यावर चाक, चाकावरून दोर, दोराला चामड्याची पिशवी. बैल उतरणीवरून खाली चालत जातो, पिशवी भरून वर येते, हौदात रिकामी होते, बैल मागे फिरतो. ही आपली मोटच झाली. धाव, नाडा, थारोळं, सगळं जसंच्या तसं. मोटेच्या चाकाचा करकर आवाज ज्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानात अजून आहे, त्यांना बातिनातला झजरा समजावून सांगावा लागणार नाही.

झजऱ्याला वकील नव्हता. विहीर ज्याची त्याची. पण नियम होता, तो बैलाच्या पायांत. बैल दमतो. दिवसात तो ठरावीकच पाणी काढू शकतो. रात्रभर विहीर पुन्हा भरते. वर जेवढं उपसलं, तेवढं खालून येत राहतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिझेल पंप येऊ लागले, आणि १९७०नंतर, सुलतान काबूस गादीवर आल्यावर आणि तेलाचा पैसा गावोगाव पोचल्यावर, त्यांचा जोर वाढला. पंप दमत नाही. त्यात गैर काय होतं? प्रत्येक शेतकऱ्यानं स्वतःपुरता विचार करून योग्यच निर्णय घेतला. बैल पाळण्यापेक्षा पंप परवडतो. नवी बाग लावता येते, जनावरांसाठी चारा पिकवता येतो. अडचण अशी की सगळ्यांच्या विहिरी एकाच पाण्यावर होत्या.

आणि किनाऱ्यावर या पाण्याला आणखी एक शेजारी असतो, समुद्र. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. याचं एक साधं गणित आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर त्याच्याखाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. हे उलटं वाचा. उपसा करून पातळी १ मीटरनं उतरवली, तर कालांतरानं खारं पाणी ४० मीटरनं वर चढू शकतं. हिशेब आदर्श परिस्थितीतला आहे, पण दिशा खरी आहे. बातिनात नेमकं हेच झालं. किनाऱ्याकडच्या विहिरी खाऱ्या होत गेल्या. आधी लिंबू आणि आंबा गेला, कारण त्यांना मीठ सोसत नाही. खजूर चिवट, तो बराच टिकतो, पण उत्पन्न घटतं. मग शेतकरी आतल्या बाजूला, डोंगराकडे सरकून नवी विहीर घेतो, आणि किनाऱ्याकडे येणारं पाणी आणखी कमी होतं.

या बदलाच्या ऐन काळात खाबुऱ्यात संशोधक होते. इंग्लंडच्या ड्युरहॅम विद्यापीठानं १९७०च्या दशकात इथे एक ग्रामविकास प्रकल्प चालवला. पैसा पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान या तेल कंपनीचा. सिंचन, शेळ्या-मेंढ्या, मधमाश्या, विणकाम अशा गावातल्याच गोष्टींवर काम झालं. प्रकल्पाचे प्रमुख रॉडरिक डटन यांनी पुढे १९९९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेलाच्या पैशानं गाव बदलत असताना गावाची स्वतःची कमाई टिकेल का, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. तो आजही जुना झालेला नाही.

खाबुऱ्यासारख्या बातिनाच्या गावांची कमाई काय होती, याचा एक धागा तुमच्या घरातही असू शकेल. बातिनातला मबसली जातीचा खजूर अर्धा कच्चा असताना उतरवतात, मोठ्या कढयांत उकडतात आणि उन्हात वाळवतात. हा वाळवलेला खजूर वर्षानुवर्षं भारतात येत राहिला आहे. आपण त्याला खारीक म्हणतो. ओटीतली खारीक, डिंकाच्या लाडवातली खारीक. ती प्रत्येक वेळी ओमानचीच असते असं नाही, पण तिचा हा एक जुना रस्ता आहे.

मग वाली काय करतो?

आता प्रशासनाकडे येऊ. २०११ साली बातिनाचे दोन गव्हर्नरेट झाले, उत्तर आणि दक्षिण. खाबुरा उत्तर बातिनात येतो. मुख्यालय सोहार. बाकीच्या विलायती शिनास, लिवा, सहम आणि सुवैक. गव्हर्नरेटचा प्रमुख ‘मुहाफिझ’, त्याच्या हाताखाली प्रत्येक विलायतीचा वाली. दोघेही नेमलेले, निवडून आलेले नव्हेत.

निवडणुका आहेत त्या दोन. एक, राष्ट्रीय पातळीवरची मजलिस अल-शूरा. ती १९९१ साली स्थापन झाली, आणि २००३पासून २१ वर्षांवरच्या सगळ्या नागरिकांना, स्त्रियांसकट, तिच्यासाठी मताधिकार आहे. ३० हजारांपर्यंत वस्तीच्या विलायतीतून एक सदस्य, त्याहून मोठ्या विलायतीतून दोन. खाबुरा दुसऱ्या गटात. दुसरी, गव्हर्नरेटची नगर परिषद. तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०१२मध्ये झाली. या परिषदेचं काम मुख्यतः सल्ला देण्याचं. २०२२च्या शाही फर्मानानं गव्हर्नरेटना आर्थिक आणि प्रशासकीय स्वायत्तता वाढवून दिली.

पाणी मात्र या चौकटीत कुठेच एका जागी बसत नाही. १९८८ साली पाणी ही राष्ट्रीय संपत्ती ठरली. नव्या विहिरीला परवाना लागतो. परवाना मंत्रालयाकडून. फलज वकिलाकडे. रस्ते, गटारं, बांधकामं नगरपालिकेकडे. पिण्याचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांतून. आणि वाली? तो या सगळ्यांना एका खोलीत बसवू शकतो, लोकांचं गाऱ्हाणं वर पोचवू शकतो. पण जमिनीखालच्या पाण्याचे अथर त्याला वाटून देता येत नाहीत.

सरकारनं हात बांधून ठेवलेले नाहीत. बातिनातल्या वाद्यांवर मुरवणीचे बांध घातले आहेत, हवासिनावरही. पुराचं पाणी अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि निवळलेलं पाणी सावकाश सोडून जमिनीत मुरवायचं. मस्कतजवळचा अल-खौदचा बांध १९८५चा, या प्रकारातला सुरुवातीचा. बांधामुळे मिळकत वाढते. पण खर्च कोण किती करतो याचा हिशेब सगळ्यांसमोर होत नाही, तोवर खातं भरत नाही.

गुलाब आणि शाहीन

हाच उतार उलट्या बाजूनंही आपली ताकद दाखवतो. २६ सप्टेंबर २०२१ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आदळलं. विरत विरत ते तेलंगण, विदर्भ, मराठवाड्यावरून गेलं. बीड-लातूर-उस्मानाबादमध्ये अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची सोयाबीनची शेतं पाण्याखाली गेली, हे तुम्हाला आठवत असेल. तेच अवशेष पुढे गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले, आणि ‘शाहीन’ या नव्या नावानं ३ ऑक्टोबरला बातिनाच्या किनाऱ्यावर धडकले. खाबुऱ्यात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. साधारण तीन वर्षांचा पाऊस, काही तासांत.

कोरड्या वाद्या धावल्या. समुद्राला समांतर जाणारे रस्ते पाण्याच्या वाटेत आडवे होते. गेल्या पन्नास वर्षांत वादीच्या पात्राला लागून वाढलेल्या वस्त्यांत पाणी शिरलं. माणसं दगावली, बागा आणि घरं गेली. नंतर सरकारनं बाधितांसाठी नवी घरं बांधली. जुन्या माणसांना वादीची वाट माहीत होती. नकाशावर प्लॉट पाडणाऱ्यांना ती दर पंधरा-वीस वर्षांनी एकदाच दिसते.

म्हणजे मराठवाड्यात ज्या वादळानं शेतं बुडवली, त्याच्याच उरलेल्या ढगांनी सात दिवसांत खाबुरा बुडवला. आणि दोन्हीकडची दुसरी अडचणही सारखीच आहे. पूर ओसरला की काही महिन्यांत पुन्हा बोअर आणखी खोल न्यायची वेळ येते. आपल्याकडे महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा आहे, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींबद्दल त्यात तरतुदीही आहेत. तुमच्या गावात त्याबद्दल कुणी कुणाला विचारतं का, हे तुम्हीच सांगू शकाल.

फलजचं पाणी उघड्यावर वाहतं, म्हणून त्याला वकील मिळाला. विहिरीचं पाणी दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. खाबुऱ्यात वाली आहे, मुहाफिझ आहे, शूराचे दोन सदस्य आहेत, परवाना देणारं मंत्रालय आहे. हवा आहे तो किनाऱ्यावरच्या विहिरींसाठी एक वकील: त्याच विहिरींच्या मालकांनी नेमलेला, पातळी मोजून सगळ्यांसमोर सांगणारा, आणि कमी पडलं की कुठलं पीक थांबवायचं ते ठरवायला सगळ्यांना एकत्र बसवणारा.

पुढच्या वेळी मस्कत-सोहार रस्त्यावर खाबुरा आलं, तर पाच मिनिटं थांबा. आधी डोंगराकडे बघा, मग पुलाखालच्या कोरड्या पात्राकडे, मग किनाऱ्याच्या बाजूला. काही बागांत शेंडे गळून गेलेली, नुसती खोडं उरलेली खजुराची झाडं दिसतील. समुद्र जमिनीखालून कुठवर आला आहे, ते ती खोडं सांगतात.